कापसाच्या फुलावरची हरकत

जालन्याहून परतले तेव्हा माझ्या पिशवीत चार नारळ होते. आई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने नारळांकडे पाहिले, मग परसातल्या सात माडांकडे पाहिले आणि पुन्हा सुपात मान घातली. रत्नागिरीत बाहेरून नारळ आणणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असणार.

नारळ सत्काराचे होते. पाच दिवसांत माझे चार सत्कार झाले. मी काय केले म्हणून झाले, ते मला अजून कळलेले नाही. मी फक्त बघायला गेले होते. दहा वर्षे ग्रंथालयात काढल्यावर, चौतिसाव्या वर्षी, मी बी.एड.ला प्रवेश घेतला. शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो आणि माझ्या वाट्याला विषय आला 'वर्गातील तंत्रज्ञान'. एक संस्था जालना जिल्ह्यातल्या शाळांना टॅब देते आणि होऊ घातलेल्या शिक्षकांना ते बघायला बोलावते, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. संस्थेचे नाव मी देत नाही. तिला प्रसिद्धीची वाण नाही.

नवीन जालना

स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या पाट्या. बियाण्यांच्या कंपन्यांच्या. माणसाएवढी मिरची, हंड्याएवढा टोमॅटो. आमच्याकडे एवढ्या मोठ्या पाट्या फक्त पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला लागतात. मिरचीचा चेहरा त्यांच्याहून बरा वाटला.

संस्थेचे कार्यालय अशाच एका रस्त्यावर, बँकेच्या वरच्या मजल्यावर होते. जिल्हा समन्वयकांचे नाव देशमाने. वय माझ्याहून आठ-दहा वर्षांनी कमी, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलण्यात एकही शंका नाही. त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. हा पहिला सत्कार. मग पडद्यावर चित्रे दाखवत म्हणाले, "मॅडम, टॅब हा परफेक्ट शिक्षक आहे. त्याला रजा नाही, मूड नाही, आणि तो चुकत नाही."

"त्याला विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर?"

"प्रश्न तोच विचारतो ना, मॅडम," ते समजूत घालत म्हणाले.

त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती. तिच्यावर बैलगाडीच्या चाकाएवढे फिकट पिवळे फूल रंगवले होते. कसले असेल कोणास ठाऊक, असे म्हणून मी ते सोडून दिले. देशमाने रोज त्या फुलाकडे पाठ करून बसतात, हे तेव्हा मला महत्त्वाचे वाटले नाही.

राजूर

शाळा राजूरच्या पलीकडे सहा-सात किलोमीटरवर होती. राहायची सोय राजूरला, गणपतीच्या देवळाजवळच्या भक्तनिवासात. मी नेमकी चतुर्थीला पोचले. रिक्षात आम्ही अकरा जण होतो. माझ्या मांडीवर एक पेढ्यांचा पुडा होता, तो कोणाचा ते शेवटपर्यंत कळले नाही. शेजारच्या आजींनी चौकशी सुरू केली.

"कोनच्या गावच्या, माय?"

"रत्नागिरी."

"तिकडं समुद्र हाय म्हन्तेत."

"आहे."

"मंग इकडं कामून आल्या?"

हा या प्रवासात मला विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न. माझ्या प्रकल्पाच्या प्रस्तावनेत त्याचे उत्तर दोन पानांत दिले आहे. आजींना मी म्हटले, शाळा बघायला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं शाळा न्हाईत?" आणि सगळी रिक्षा हसली.

रात्री खानावळीत येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी मिळाली. भाजलेल्या धान्याचे ते पीठ आमटीत पडले की तिला जो खमंगपणा येतो, तो आमच्या नारळाच्या वाटणाला जमत नाही, हे मी माडांच्या गावची असून कबूल करते. भात मागितला तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी विचारले, "पोट बिघडलं का?"

शाळा

जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकांची शाळा. दुसरे शिक्षक प्रशिक्षणाला गेले होते. ते बहुतेक वर्षभर कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात असतात, त्यामुळे अतिशय प्रशिक्षित आहेत आणि मुलांनी त्यांना फार पाहिलेले नाही. पाचही वर्ग सांभाळतात ते तांगडे सर. निवृत्तीला दोन वर्षे, पांढरा शर्ट, खिशात खडूचा तुकडा.

टॅब आधीच आले होते. त्यांना हळदकुंकू लावून सरपंचांनी नारळ फोडला. दुसरा नारळ मला दिला. भाषणे झाली. मुले उन्हात बसली होती आणि मान्यवर मांडवात. मुलांसाठीच्या कार्यक्रमात सावली मोठ्यांना का मिळते, याचे कारण मला रत्नागिरीतही सापडलेले नाही. तेवढ्या बाबतीत दोन्ही जिल्हे एक आहेत.

सगळे पांगल्यावर सरांच्या टेबलावर मला एक लांबट वही दिसली. पुठ्ठ्यावर लिहिले होते, 'हरकत वही'. आत रकाने आखलेले: हरकत काय, कोणाची, कोणावर, पुरावा, निकाल.

"गावचा नवा नकाशा निघाला की सरकार आधी हरकती मागवतं," सर म्हणाले. "माझे वडील कोतवाल होते, तवापासून बघून राह्यलो. मंग म्हनलं, पुस्तकावर हरकत कामून घ्यायची न्हाई? माझ्यावर कामून न्हाई? फकस्त पुरावा पाहिजे. दुसऱ्या दिवशी, सगळ्यासमोर."

मी पाने उलटली. एका मुलाची हरकत पुस्तकावर होती: 'नदी उन्हाळ्यात आटते असे लिहिले आहे. आपली दिवाळीत आटते.' पुरावा: 'सगळे जाऊन बघून आलो.' निकाल: 'मंजूर.' दुसरी थेट सरांवर: 'सरांनी काल पाच मिनिटे आधी सुट्टी दिली. पुरावा: आजोबाचे घड्याळ.' निकाल: 'मंजूर. सर आज पाच मिनिटे जास्त शिकवतील.' त्यानंतर सुट्टीच्या वेळेवर कोणीही हरकत घेतलेली नव्हती.

मी तंत्रज्ञान बघायला आले होते आणि मला ते पहिल्या दिवशीच सापडले होते. त्याला चार्जिंग लागत नव्हते. पण माझ्या प्रकल्पात 'साधनाचा प्रकार' या रकान्यात वही बसत नव्हती.

चाचणी

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या मुलांची टॅबवर चाचणी होती. वीस प्रश्न. ज्याला सर्वाधिक गुण, त्याला संस्थेतर्फे दोन दिवस पुण्याला नेणार, मोठ्या दुर्बिणीतून ग्रह दाखवणार. शाळेतून एकच मूल. आदल्या दिवशी कोमल नावाच्या मुलीने मला गाठून विचारले होते, "मॅडम, शनीचं कडं दुर्बिनीतून खरंच दिसतं का, का फोटोतच ऱ्हातं?" दिसते, असे मी वाचले आहे, असे सांगितले. "वाचलंय तुम्ही. पाह्यलं न्हाई," ती म्हणाली आणि निघून गेली. तिला पुण्याला जायचे होते, ते कडे पाहायला.

चाचणी चालू झाली. बरोबर उत्तराला टॅब टाळ्या वाजवत होता आणि चुकीला रडका चेहरा दाखवून भोंग्यासारखा आवाज काढत होता. दहा वर्षांच्या मुलाची चूक वर्गभर वाजवून सांगायची कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल? हे करणाऱ्या शिक्षकाला आमच्याकडे बी.एड.च्या पहिल्या सत्रातच नापास करतात.

बारावा प्रश्न होता: 'कापसाचे फूल कोणत्या रंगाचे असते?' पर्याय: निळे, पांढरे, पिवळे, हिरवे. वर चित्र होते, उकललेल्या बोंडाचे.

कोमलने हात वर केला. "सर, आजचं फूल का कालचं?"

देशमाने मागे उभे होते. ते हसले. "बेटा, फूल म्हणजे फूल. आज-काल काय?"

तिने चित्रातल्या बोंडाकडे पाहिले आणि 'पिवळे' दाबले. भोंगा वाजला.

निकाल लगेच पडद्यावर आला. प्रतीक्षा, वीसपैकी वीस. कोमल, वीसपैकी एकोणीस. प्रतीक्षा तिच्याच बाकावर बसणारी, गल्लीतली मैत्रीण. टाळ्या झाल्या, प्रतीक्षाला हार घातला, आणि हार उरला होता म्हणून दुसरा मला घातला. सोबत नारळ. कोमल उठून टेबलाशी गेली आणि तिने हरकत वही उघडली. 'हरकत: कापसाचे फूल पांढरे नसते. कोणाची: कोमल. कोणावर:' इथे ती अडली.

"सर, कोनावर लिहू?"

"टॅबवर लिही," तांगडे सर म्हणाले. "पुरावा उद्या."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी मनात 'पांढरे' म्हटले होते. दहा वर्षे पुस्तकांत बसलेल्या बाईला कापसाचे फूल आणि बोंड यातला फरक ठाऊक नव्हता. टॅब तयार करणाऱ्यालाही नव्हता. फरक एवढाच की माझ्या उत्तरावरून कोणाची सहल ठरणार नव्हती.

प्लॉट

शाळा सुटल्यावर कोमलच्या मागे त्यांच्या शेतात गेले. काळी जमीन मी पहिल्यांदाच एवढी पसरलेली पाहिली. आमची तांबडी जमीन चपलेला लागते आणि झटकली की जाते. ही चिकटते आणि सोबत येते. माझ्या सँडलचा पट्टा तिनेच दुसऱ्या पावलाला ठेवून घेतला. पुढे मी अनवाणी.

कोमलच्या आई सुमनबाई चार बायकांबरोबर कापसाच्या ओळीत उभ्या होत्या. हा साधा कापूस नव्हता, बियाण्याचा प्लॉट होता. कंपनीसाठी इथे संकरित बी तयार होते. काम मला सुमनबाईंनीच समजावले. उद्या फुलणारी कळी आज संध्याकाळी सोलायची, तिचे नरकेसर काढून टाकायचे. सकाळी दुसऱ्या जातीचे ताजे फूल आणून तिच्यावर घासायचे आणि देठाला दोरा बांधायचा. बोलता बोलता त्यांची बोटे तीन कळ्या सोलून मोकळी झाली. मी एक सोलली, ती मोडली. पुढच्या ओळीतून आवाज आला, "मॅडमला पगार देऊ नको वं, सुमन."

"आणि फुलाचा रंग?" मी विचारले.

त्यांनी आश्चर्याने पाहिले. "आज फुललं तं पिवळट. उद्या त्येच गुलाबी. परवा गळून जातं. गुलाबी फूल घासलं तं बोंडच धरत न्हाई, सारी मेहनत पान्यात. ज्याला रंग कळत न्हाई, त्याला आम्ही प्लाटात पाय ठेवू देत न्हाई बिलकुल."

म्हणजे 'आजचं का कालचं' हा एका चुणचुणीत मुलीचा फाटा नव्हता. या शेतात त्या एका भेदावर हंगाम उभा असतो. सगळ्या देशात जिथले बी जाते, तिथल्या मुलीला कापसाचे फूल कसे असते ते एक यंत्र भोंगा वाजवून शिकवत होते.

बांधावर बसून आम्ही धपाटे आणि दही खाल्ले. सुमनबाईंनी विचारले, "तिचा नंबर गेला म्हन्ते. परत मिळन का?" मी म्हटले, मिळायला हवा. त्या म्हणाल्या, "हवा ते ठीक. मिळन का?" मी धपाट्याचा घास तोंडात घातला, कारण तोंड भरलेले असले की बोलावे लागत नाही.

सुनावणी

सकाळी कोमल स्टीलच्या पेल्यात दोन फुले घेऊन आली. एक फिकट पिवळे, टवटवीत. दुसरे गुलाबी, मलूल, त्याच्या देठाला दोरा. "ह्याला काल सकाळी बांधला व्हता," ती वर्गाला म्हणाली. "काल हे बी पिवळं व्हतं. पांढरं असतं ते फूल न्हाई, बोंड असतं. फूल गळाल्यावर येतं."

सरांनी वर्गाला विचारले, "कोनाची काही उलटी हरकत?" कोणाची नव्हती.

देशमाने अकरा वाजता फोटोंसाठी आले. त्यांना पेला दाखवला. त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "वा! हे तर जबरदस्त आहे! कोमल बेटा, पेला वर धर. टॅब दुसऱ्या हातात घे. हस." फोटो निघाले, सहा-सात.

"म्हणजे तिचं उत्तर बरोबर होतं, हे तुम्हाला मान्य आहे," मी म्हटले.

"अगदीच बरोबर, मॅडम."

"मग गुण?"

"तो रिझल्ट लॉक झालाय. वरून."

"वर म्हणजे कोण?"

"कोणी नाही, मॅडम. सिस्टीम आहे."

"साहेब," तांगडे सर शांतपणे म्हणाले, "माझी चूक झाली तं मी खोडतो. तुमच्या टॅबला खोडरबर न्हाई का?"

"सर, तुमची फीलिंग मी समजतो. तुम्ही अभिप्राय भरा ना!"

अभिप्रायही टॅबवरच होता. 'हा उपक्रम आपणास कसा वाटला?' पर्याय तीन: उपयुक्त, खूप उपयुक्त, अत्यंत उपयुक्त. लिहायला जागा नव्हती. काही न दाबता पुढे जाऊ देत नव्हता. मी तो तसाच बंद करून परत दिला. देशमान्यांनी माझ्यासमोर उघडला आणि माझ्या वतीने 'अत्यंत उपयुक्त' दाबले. टॅबने टाळ्या वाजवल्या.

माझा आवाज चढला. मी जे बोलले ते सगळे इथे लिहीत नाही. देशमाने शांतपणे ऐकत होते. अशा माणसांवर रागावता येत नाही, हा खरा संताप. शिव्या द्याव्यात तर ते त्यालाही मौल्यवान सूचना म्हणतात.

मधल्या सुट्टीत मी प्रतीक्षाला विचारले, "तुला कापसाच्या फुलाचा रंग माहीत नव्हता?"

"माहीत हाय की. आमचा बी प्लाट हाय."

"मग पांढरे का दाबलेस?"

"फोटोत बोंड व्हतं. म्हनलं, ह्याला पांढरं पाहिजे. दिलं त्याला पाहिजे ते." ती पायाने माती उकरत म्हणाली. वाईट मुलगी नव्हती. परीक्षा कशी द्यायची ते तिला आपण सगळ्यांनीच शिकवले आहे.

कोमल बाजूलाच भाकरीचा डबा घेऊन बसली होती. "मला बी कळल्तं त्याला काय पाहिजे ते," ती म्हणाली.

"मग?"

"मंग काय? फूल पिवळं हाय."

निघताना गावाने चौथा नारळ दिला. तो मात्र मी दोन्ही हातांनी घेतला, कारण तो सुमनबाईंनी आणला होता आणि सोबत भाषण नव्हते.

परत

जालन्याच्या स्टेशनाकडे जाताना ती पाटी पुन्हा दिसली. चाकाएवढे पिवळे फूल, खाली कापसाच्या वाणाचे नाव. बँकेच्या वरच्या मजल्यावर दिवा लागलेला होता.

घरी आल्यावर आठवड्याने संस्थेच्या पानावर कोमलचा फोटो आला. एका हातात पेला, दुसऱ्यात टॅब. खाली ओळ: 'टॅबमुळे ग्रामीण मुलींना घडली निसर्गाची ओळख.' मी ती तीनदा वाचली आणि मग आईने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसले, कारण हाताला काहीतरी हवे होते.

प्रकल्प लिहिला, त्याला हरकत वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली. मार्गदर्शकांनी ती काढून परत दिली आणि समासात लिहिले, 'निष्कर्ष सकारात्मक असावा.' मी झेरॉक्स पुन्हा जोडली, या वेळी टाचणीऐवजी डिंकाने.

पुण्याची सहल झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तांगडे सरांचा फोन आला. "मॅडम, एक फोटो धाडलाय, पाहा." हरकत वहीचे पान होते. अक्षर गोल, प्रतीक्षाचे.

'हरकत: पुण्यात मोठ्या पडद्यावर तोच प्रश्न आला. मी पांढरे दाबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या व बक्षीस दिले. उत्तर चूक आहे. मला माहीत होते. कोणाची: प्रतीक्षा. कोणावर: प्रतीक्षा. पुरावा: बक्षीस जोडले आहे.'

पानाच्या कडेला भोक पाडून एक निळे पेन दोऱ्याने बांधले होते. देठाला बांधतात तसला दोरा. निकालाच्या रकान्यात सरांच्या अक्षरात 'मंजूर' होते.

त्याच्या वरची ओळ कोमलची. तिचा निकालाचा रकाना रिकामा.

"सर, तिचा निकाल नाही लिहिला?"

"हरकत टॅबवर हाय, मॅडम. त्याचं म्हननं आल्याबिगर कसा लिहू? रीत हाय ना. पोरगी रोज सकाळी येऊन पान उघडून पाहून राह्यली. मंग बंद करती, अन् जाग्यावर बसती."

"प्रतीक्षाने शनी पाहिला का?"

"ढग व्हते म्हने त्या रात्री. कोमलला आल्या आल्या तेच सांगितलं तिनं. म्हनली, कडं काही दिसलं न्हाई, तुझी हरकत चालू ठेव."